श्रोत्याला तळटीप दिसत नाही: भाषणासाठी संदर्भ शोधणं, तपासणं आणि बोलून दाखवणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: दहा-पंधरा मिनिटांचं माहितीपर भाषण तयार करायचं आहे. विषयावर इंटरनेटवर ढीगभर मजकूर सापडतो, पण त्यातलं खरं किती हे कळत नाही. शिवाय वाक्यावाक्याला संदर्भ दिला तर भाषण रटाळ होईल आणि नाही दिला तर उचलेगिरी ठरेल अशी भीती वाटते. मग करायचं काय?

मी बरीच वर्षं वक्त्यांना भाषणाच्या तयारीत मदत करतो आणि वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. ज्यानं मूळ अहवाल किंवा मूळ लेख स्वतः उघडून वाचला आहे, तो संदर्भ सांगताना अडखळत नाही. अर्ध्या वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. रटाळ होतात ते न वाचलेले संदर्भ. "एका संशोधनानुसार", "तज्ज्ञांच्या मते", "नुकत्याच झालेल्या एका सर्वेक्षणात" अशी वाक्यं कानावर आली की मी टाचणाच्या कडेला प्रश्नचिन्ह काढतो, कारण कोणतं संशोधन हे वक्त्यालाही ठाऊक नसण्याची शक्यता तिथे फार मोठी असते.

आधी भाषण आणि लेख यांतला फरक नीट पाहू. लेख वाचणारा थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, तळटीप पाहू शकतो, आकडा खटकला तर तिथल्या तिथे शोधू शकतो. श्रोत्याला यातलं काहीच करता येत नाही. एक वाक्य कानावर पडतं तोवर पुढचं आलेलं असतं. तुमच्यावर विश्वास ठेवून ऐकत राहण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं.

त्या विश्वासाचं पुढे काय होतं, याबद्दल येल विद्यापीठातल्या कार्ल हॉवलँड आणि वॉल्टर वाइस यांचा १९५१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी एकच मजकूर वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या नावांनी वाचायला दिला. अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी बांधणं शक्य आहे का, या विषयावरचा मजकूर काहींना भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या नावानं दिला आणि काहींना सोव्हिएत वृत्तपत्र 'प्रावदा'च्या नावानं. वाचल्यावर लगेच विचारलं तेव्हा नावाचा परिणाम स्पष्ट दिसला. विश्वासार्ह नावाखालचा मजकूर लोकांना जास्त पटला होता. चार आठवड्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा हा फरक जवळजवळ पुसला गेला होता. कुणी म्हटलं ते मागे पडलं होतं आणि काय म्हटलं ते मनात उरलं होतं. हे तर वाचक होते. श्रोत्याच्या हातात तेवढा कागदही नसतो.

म्हणून भाषणात तपासणीचं सगळं ओझं बोलणाऱ्यावर येतं. महिन्याभरानं श्रोत्याला तुमचं नाव आठवणार नाही, तुम्ही दिलेला संदर्भही आठवणार नाही, पण तुम्ही सांगितलेला आकडा तो घरी, कार्यालयात, मित्रांत सांगत असेल. तो चुकीचा असेल तर तुम्हाला परत घेता येणार नाही.

शोधायला बसण्याआधी

पहिला तास शोधयंत्रासमोर घालवू नका. कागद घ्या आणि विषयाबद्दल डोक्यात जे आहे ते सगळं उतरवा. मग प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: हे मला माहीत आहे, हे माझं मत आहे, हे मी नुसतं ऐकलेलं आहे. तिसऱ्या प्रकारची वाक्यं बहुधा सर्वांत जास्त निघतात. शोधाची सुरुवात तिथून करा.

शोधताना शब्द कसे घालता यावर काय सापडेल हे ठरतं. 'मोबाइलचे दुष्परिणाम' असं शोधलंत तर दुष्परिणामच हाती येतील, कारण निकाल तुम्ही आधीच सांगून टाकला आहे. त्याऐवजी 'झोपण्यापूर्वी मोबाइल पाहण्याचा किशोरवयीन मुलांच्या झोपेवर परिणाम' असं शोधा. याचं उत्तर 'बराच', 'थोडासा' किंवा 'नक्की सांगता येत नाही' यांपैकी काहीही येऊ शकतं. आपलं मत बदलण्याची शक्यता ज्या प्रश्नात शिल्लक असते, तोच प्रश्न घेऊन बसावं. आणि मत खरोखरच बदललं तर भाषणाचा मुद्दा बदला, आकडे नका बदलू. "आधी मलाही असंच वाटत होतं, पण आकडे पाहिल्यावर वेगळं दिसलं" असं मोकळेपणानं सांगणाऱ्या वक्त्याचं श्रोते जास्त लक्ष देऊन ऐकतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा तो असा: ही माहिती मुळात गोळा कोण करतं? हा प्रश्न विचारायची सवय लागली की निम्मं काम होतं. लोकसंख्येची माहिती जनगणना कार्यालयांकडे आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाकडे असते. साथी आणि लसीकरणाची माहिती आरोग्य मंत्रालयांकडे आणि जागतिक आरोग्य संघटनेकडे, तापमान-पावसाची हवामान खात्यांकडे. न्यायालयानं काय म्हटलं ते निकालपत्रात असतं, कायदा काय सांगतो ते राजपत्रात, सभागृहात कोण काय बोललं ते कामकाजाच्या अधिकृत वृत्तांतात. बातमी आपल्याला या ठिकाणांचा पत्ता देते. तेवढं तिचं काम. पत्ता मिळाल्यावर त्या घरी जायचं.

संशोधनासाठी गूगल स्कॉलर हे अभ्यासलेखांचं शोधयंत्र चांगलं आहे, पण तिथे एकेकटा अभ्यास उचलण्याचा मोह आवरा. एका अभ्यासात शंभर माणसं असतात, दुसऱ्यात उलट निष्कर्ष असतो. अनेक अभ्यास एकत्र तोलून लिहिलेला पुनरावलोकन लेख मिळाला तर तो आधी वाचा. आरोग्याच्या विषयांत कॉक्रेन या संस्थेची पुनरावलोकनं याच पद्धतीनं तयार होतात आणि त्यांचा सारांश सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेतही देतात. लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल तर लेखकाला विनंतीचा ईमेल पाठवा. पुष्कळ संशोधक आनंदानं प्रत पाठवतात. ग्रंथपालांना विचारा. कोणत्या विषयाचं काय कुठे आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं, आणि त्यांना असे प्रश्न विचारणारे फार थोडे लोक येतात.

विषयातल्या जाणत्या माणसाशी स्वतः बोलणं हाही संदर्भच आहे, आणि भाषणात तो सर्वांत जिवंत वाटतो. फक्त नाव घेऊन सांगण्याची परवानगी मागा आणि ज्या वाक्याचा दाखला देणार ते वाक्य त्यांना वाचून दाखवा.

मुळापर्यंत जाणं

आता या सगळ्यातला गाभा. त्यासाठी भाषणकलेच्याच क्षेत्रातलं उदाहरण घेतो, कारण ते व्यासपीठांवरून सतत ऐकू येतं: "लोकांना मरणापेक्षाही भाषणाची भीती जास्त वाटते." बहुतेक वेळा याला "असं संशोधनात सिद्ध झालं आहे" ही पुस्ती जोडलेली असते.

मागे जात जात शोधलं की हे विधान १९७३ साली अमेरिकेत ब्रस्किन असोसिएट्स या कंपनीनं केलेल्या सर्वेक्षणापाशी पोचतं. त्यात सुमारे अडीच हजार प्रौढांसमोर भीतीच्या गोष्टींची यादी ठेवली होती आणि ज्या ज्या गोष्टींची भीती वाटते त्या निवडायला सांगितल्या होत्या. एकाहून जास्त गोष्टी निवडायची मुभा होती. गटासमोर बोलण्याची भीती सुमारे ४१ टक्क्यांनी निवडली, मरणाची सुमारे १९ टक्क्यांनी. १९७७ मध्ये याद्यांच्या एका लोकप्रिय पुस्तकात हे छापून आलं आणि जगभर पसरलं.

नीट पाहा, त्या लोकांना कुणीही विचारलं नव्हतं की या दोहोंत तुम्हाला जास्त भीती कशाची वाटते. भाषणाची भीती जास्त लोकांना वाटते, एवढंच त्या आकड्यांतून निघतं. ती मरणाच्या भीतीपेक्षा मोठी आहे, हे निघत नाही. २०१२ साली कॅरन ड्वायर आणि मार्लिना डेव्हिडसन यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन्ही प्रकारे विचारून पाहिलं. यादीतून हव्या तितक्या भीती निवडा म्हटल्यावर भाषणाची भीती सर्वाधिक वेळा निवडली गेली. सर्वांत मोठी भीती कोणती असं विचारल्यावर मात्र मरण पहिलं आलं.

म्हणजे मूळ विधान साफ खोटं नव्हतं. त्यातला एक शब्द वाटेत बदलला. बहुतेक चुकीचे संदर्भ असेच तयार होतात, कुणी लबाडी करत नाही. 'जास्त लोकांना' याचं 'जास्त प्रमाणात' होतं, 'संबंध दिसला' याचं 'कारण ठरलं' होतं, 'उंदरांमध्ये' हा शब्द गळून पडतो, 'असू शकतं' याचं 'आहे' होतं. मुळाशी जाऊन ताडून पाहायचं ते नेमकं हे शब्द.

पालकाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. पालकात भरपूर लोह असतं हा समज एका दशांशचिन्हाच्या चुकीतून पसरला, एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी चिन्ह चुकीच्या जागी टाकल्यामुळे आकडा दहापट झाला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. 'आकडे तपासा' असा उपदेश करायलाच ती सांगतात. १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखात ती आली आणि तिथून पुढे असंख्य लेखकांनी उचलली. २०१० मध्ये माइक सटन या अभ्यासकानं तिचा माग काढला, तेव्हा दशांशचिन्हाच्या चुकीला कुठलाच पुरावा सापडला नाही. १९८१ च्या लेखातही आधार दिलेला नव्हता. पुढे २०१४ मध्ये ओले ब्यॉर्न रेकडाल यांनी दाखवून दिलं की विद्वान मंडळीसुद्धा मूळ न वाचता एकमेकांचे संदर्भ कसे उतरवून घेतात. अचूकतेचं महत्त्व पटवायला निघालेली माणसं न तपासलेली कथा सांगत होती. म्हणून गोष्ट फारच चपखल बसत असेल तर तिचा उगम आवर्जून शोधा. चपखल गोष्टी तपासायचं आपलं मन टाळतं.

मूळ सापडलं की ते कशाबद्दल आहे हेही वाचावं लागतं. संवादकौशल्याच्या जवळजवळ प्रत्येक शिबिरात सांगतात की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन अभ्यासांवरून आले. त्यांपैकी एकात 'कदाचित' अशा अर्थाचा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला होता, सोबत निरनिराळ्या हावभावांची छायाचित्रं दाखवली होती, आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाराजी हे ओळखायला सांगितलं होतं. भावना आणि आवड-नावड व्यक्त करण्यापुरतंच हे समीकरण लागू आहे, असं स्वतः मेहराबियन यांनी स्पष्ट केलेलं आहे. शब्दांचा वाटा खरोखर ७ टक्के असता, तर अनोळखी भाषेतलं भाषण आपल्याला ९३ टक्के समजलं असतं!

सारांश वाचून थांबू नका. कुणाला विचारलं, किती जणांना, नेमकं काय विचारलं, केव्हा, आणि लेखकांनी स्वतः कोणत्या मर्यादा मान्य केल्या, एवढं तरी लेखातून शोधा. लेख मागे घेतला गेलेला नाही ना, तेही पाहा. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा लेख 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये अधिकृतपणे मागे घेतला. तो अवघ्या १२ मुलांवरचा होता. तरी आजही त्याचा दाखला देणारे वक्ते भेटतात.

संकेतस्थळ, विश्वकोश आणि यंत्रानं दिलेली उत्तरं

अनोळखी संकेतस्थळावर विश्वास ठेवावा का, हे त्याच संकेतस्थळाकडे पाहून ठरवता येत नाही. सुबक मांडणी आणि भारदस्त नाव कुणालाही जमतं. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी २०१७ मध्ये १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी अनोळखी संकेतस्थळं कशी पारखतात हे पाहिलं. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर वाचत राहिले आणि पुष्कळदा फसले. तथ्यतपासनीसांनी लगेच दुसरी पानं उघडली आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. त्यांचा निर्णय लवकर झाला आणि बरोबरही आला. तेवढंच करा: पान सोडा, संस्थेचं नाव शोधा, तिला पैसा कोण देतं ते पाहा, मग परत या.

विकिपीडिया वाचू नका असं मी सांगणार नाही. विषयाची ओळख करून घ्यायला तो उत्तम आहे आणि लेखाच्या तळाशी दिलेली संदर्भांची यादी तर खजिनाच आहे. पण "विकिपीडियानुसार" असं व्यासपीठावरून म्हणू नका. खाली दिलेला संदर्भ उघडा, वाचा आणि त्याचं नाव घ्या. यात एक सापळा आहे. कधीकधी विकिपीडियावरचं वाक्य पत्रकार उचलतो आणि मग त्याच वाक्याला ती बातमी पुरावा म्हणून जोडली जाते. दोन ठिकाणी सापडलं म्हणजे दोन पुरावे झाले असं नव्हे. दोघांनी एकाच विहिरीतून पाणी भरलेलं असू शकतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या साधनांबद्दल माझं मत ठाम आहे. मुद्दे सुचवायला, अवघड लेख समजून घ्यायला ती वापरा. संदर्भ मात्र त्यांच्याकडून जसेच्या तसे घेऊ नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयानं वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. त्या निवाड्यांना पक्षकारांची नावं होती, खटल्यांचे क्रमांक होते, अवतरणंही होती, म्हणूनच ते खरे वाटले. मूळ दस्तऐवज तुमच्या डोळ्यांसमोर उघडला नाही, तोवर तो संदर्भ नाही असं धरून चाला.

आकडे आणि अवतरणं

या दोन गोष्टींत वक्ते सर्वांत जास्त घसरतात, म्हणून थोडं थांबतो.

१९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बातम्या झाल्या आणि घाबरून अनेक स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. 'दुप्पट' हे खरं होतं. पण आधी सात हजारांत सुमारे एकीला होणारा त्रास आता सात हजारांत दोघींना होत होता, हे फार थोड्यांपर्यंत पोचलं. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. 'दुप्पट', 'तिप्पट', 'इतके टक्के वाढ' असं काहीही सांगताना कशाच्या तुलनेत, हे त्याच दमात सांगायला हवं. मूळ संख्या तुम्हाला माहीत नसेल तर तो आकडा भाषणात घेऊ नका.

कानासाठी आकडा गोल करायला हरकत नाही. 'दोन हजार पाचशे त्रेचाळीस' कुणाच्या लक्षात राहत नाही, 'अडीच हजार' राहतं. मात्र 'सुमारे' हा शब्द खाऊ नका, आणि टाचणात नेमका आकडा लिहून ठेवा. आकड्याचं वर्षही सांगा. दहा वर्षांपूर्वीचा आकडा वर्तमानकाळात सांगितला की खरा आकडासुद्धा खोटा होतो.

अवतरणांचं दुखणं निराळं आहे. "तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणानं लढेन" हे वाक्य फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअरच्या नावावर जगभर फिरतं. ते लिहिलं एव्हलिन बीट्रिस हॉल या लेखिकेनं १९०६ साली, व्हॉल्टेअरची वृत्ती सांगताना. "जगात जो बदल पाहायचा आहे तो बदल स्वतः व्हा" हे गांधीजींचं म्हणून सांगतात, पण या शब्दांत ते त्यांच्या लेखनात सापडलेलं नाही. आपण स्वतः बदललो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील, अशा आशयाचं १९१३ चं त्यांचं लेखन आहे. ते वाक्य जास्त खोल आहे असं मला वाटतं, आणि ते गांधीजींचं आहे हे सांगता येतं.

माझा नियम कडक आहे: कुठल्या भाषणात, पत्रात किंवा पुस्तकात आणि कोणत्या वर्षी हे म्हटलं ते सापडलं नाही, तर अवतरण वापरायचं नाही. सुविचारांचे संग्रह आणि चित्रावर छापलेली वाक्यं हा पुरावा नाही. "असं म्हणतात की अमुक यांनी म्हटलं होतं" ही पळवाट आहे. श्रोता 'असं म्हणतात' विसरतो, नाव लक्षात ठेवतो. वाक्य आवडलंच असेल आणि कर्ता सापडत नसेल तर "हे कुणाचं आहे ते मला सापडलं नाही, पण विचार मोलाचा आहे" असं सरळ सांगा. त्यानं काही बिघडत नाही.

अनुवादाचीही नोंद ठेवा. मराठीत तुम्ही स्वतः केलेला अनुवाद असेल तर "त्यांच्या म्हणण्याचा आशय असा" म्हणा. ते त्यांचे शब्द म्हणून उच्चारू नका.

टिपणं अशी ठेवा की नंतर गोंधळ होणार नाही

उचलेगिरी बहुतेकदा टिपणाच्या वेळीच घडते. वाचताना एखादा चांगला परिच्छेद वहीत उतरवला जातो, अवतरणचिन्हं राहून जातात, आणि आठवड्यानं तो आपलाच वाटू लागतो. म्हणून दुसऱ्याचे शब्द वेगळ्या शाईत किंवा ठळक चिन्हांत, आपल्या शब्दांतला सारांश साध्या अक्षरांत, आणि आपलं मत समासात असं काटेकोर ठेवा. प्रत्येक टिपणाशेजारी कुणी, काय, केव्हा, कोणतं पान आणि मी ते कधी पाहिलं एवढं लिहा. संकेतस्थळावरचं पान बदलू किंवा नाहीसं होऊ शकतं, तेव्हा इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या सेवेवर, त्याची प्रत जपून ठेवा.

जो बायडन यांचं १९८७ चं प्रकरण या बाबतीत शिकण्यासारखं आहे. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असताना त्यांनी ब्रिटिश मजूर पक्षाचे नेते नील किनक यांच्या भाषणातला भाग बऱ्याचदा वापरला होता आणि इतर सभांत किनक यांचं नावही घेतलं होतं. ऑगस्टमध्ये आयोवातल्या एका वादविवादात मात्र नाव राहिलं. पाठोपाठ इतरही आरोप पुढे आले आणि महिन्याभरात त्यांनी शर्यतीतून माघार घेतली. दहा वेळा दिलेलं श्रेय अकराव्या वेळी उपयोगी पडत नाही, कारण त्या दिवशी समोर बसलेल्यांनी आधीची भाषणं ऐकलेली नसतात. किनक यांच्या भाषणातला तो भाग त्यांच्या स्वतःच्या कुटुंबाबद्दल होता, म्हणून तर ते जास्त खटकलं. दुसऱ्याचा अनुभव 'मी' म्हणून सांगणं हे शब्द उचलण्यापेक्षा वाईट.

प्रत्यक्ष बोलताना

छापील संदर्भसूचीची पद्धत व्यासपीठावर आणू नका. खंड, अंक, पृष्ठ कुणालाही ऐकायचं नसतं. श्रोत्याला तीन गोष्टी लागतात: कोण म्हणतं, त्यांना ते म्हणण्याचा अधिकार काय, आणि केव्हाचं आहे. "बालरोगतज्ज्ञ म्हणून तीस वर्षं काम केलेल्या अमुक डॉक्टरांनी गेल्या महिन्यात मला सांगितलं", "जागतिक आरोग्य संघटनेच्या अमुक सालच्या अहवालानुसार" एवढं पुरतं. परकं नाव असेल तर आधी ओळख द्या, मग नाव. "येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलँड" म्हटलं की नाव कानात बसतं. नुसतं "हॉवलँड, १९५१" हवेत विरून जातं.

संदर्भ माहितीच्या आधी सांगा. आकडा सांगून झाल्यावर "असं अमुक अहवालात म्हटलं आहे" जोडलं तर श्रोत्यानं तो आकडा तुमचा म्हणून मनात ठेवलेला असतो. आणि शेवट कळू द्या. कागदावर अवतरणचिन्ह मिटतं, बोलण्यात मिटत नाही. लांब अवतरणानंतर "हे झालं त्यांचं म्हणणं" असं म्हणा, क्षणभर थांबा, मग "मला मात्र असं वाटतं" म्हणून पुढे जा. तेवढ्या थांब्यात श्रोत्याला दोन आवाज वेगळे ऐकू येतात.

मूळ वाचायला मिळालंच नसेल तर तसं सांगा: "अमुक वृत्तपत्रानं या अभ्यासाबद्दल दिलेल्या बातमीनुसार". न पाहिलेला अभ्यास पाहिल्यासारखा सांगणं ही फसवणूकच आहे, भले आकडा बरोबर निघो. पडद्यावर आकडा किंवा आलेख दाखवणार असाल तर त्याच पटलावर खाली मूळ संस्था आणि वर्ष वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहा. शेवटच्या पटलावर सगळे संदर्भ एकत्र कोंबून दोन सेकंद दाखवण्याला काही अर्थ नाही.

प्रत्येक वाक्याला संदर्भ लागतो का? नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगायला कुणाची साक्ष काढावी लागत नाही. तुमचा अनुभव आणि तुमचं मत यांनाही लागत नाही, फक्त ते मत आहे हे कळलं पाहिजे. आकडा, अवतरण, वादाचा मुद्दा, दुसऱ्याची कल्पना आणि श्रोत्याला आश्चर्य वाटेल असं कोणतंही विधान, यांना लागतो. दहा मिनिटांत चार-पाच ठसठशीत संदर्भ भरपूर झाले. त्याहून जास्त होत असतील तर सहसा भाषणात मुद्दे जास्त झालेले असतात, तेव्हा मुद्दे कमी करा. कापलेलं संशोधन वाया जात नाही. प्रश्नोत्तरांत तेच कामाला येतं.

सरावाच्या वेळी संदर्भांसकट बोला. पुष्कळ जण घरी फक्त मुद्दे म्हणतात आणि नावं, वर्षं ऐनवेळी कागदात पाहून वाचतात, तिथेच लय तुटते. परकीय नावांचा उच्चार आधी ऐकून घ्या. एखादं संदर्भवाक्य जिभेवर बसत नसेल तर वाक्य बदला, संदर्भ काढू नका.

प्रश्नोत्तरांसाठी एक पान वेगळं ठेवा: भाषणातल्या क्रमानं प्रत्येक दावा, त्याच्यापुढे पूर्ण संदर्भ, नेमका आकडा आणि त्या अभ्यासाची एखादी मर्यादा. कुणी "हे कुठून आणलंत?" म्हणून विचारलं तर त्या पानावरून वाचून दाखवा. त्याला प्रत हवी असेल तर द्या. कुणी तुमच्या आकड्याविरुद्ध दुसरा आकडा पुढे केला तर तिथे हुज्जत घालू नका. त्याचा स्रोत आणि वर्ष विचारून लिहून घ्या, दोन्ही आकडे वेगवेगळी गोष्ट मोजत असण्याची शक्यता बोलून दाखवा, आणि पाहून कळवतो म्हणा. मग खरोखर पाहा आणि आयोजकांमार्फत कळवा. तुमचा आकडा चुकला असेल तर ती दुरुस्ती आयोजकांना सगळ्या उपस्थितांपर्यंत पोचवायला सांगा.